स्विफ्ट व्हीएक्सआयला आठ लाख: वाजवी की जास्त?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कराडला राहतो. घरात आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई. जुनी हॅचबॅक आता काढायची आहे, म्हणून २०२५ ची दिवाळी झाल्यापासून शोरूमच्या चकरा चालू आहेत. गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर फिरते: गावातली कामं, महिन्याकाठी एकदा पुणे, आणि गणपती-शिमग्याला कुंभार्ली घाटातून चिपळूण.

स्विफ्ट मनात फार पूर्वीपासून आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस जाऊन सरसकट १८ टक्के झाला. नवी स्विफ्ट मे २०२४ मध्ये आली तेव्हा ६.४९ लाखांपासून सुरू व्हायची, ती त्यानंतर ५.७९ पासून झाली. म्हटलं, हीच वेळ.

पण कोटेशन हातात आलं आणि विचारात पडलो. व्हीएक्सआय (बेस एलएक्सआयच्या वरचं मॉडेल) मॅन्युअल, एक्स-शोरूम ६ लाख ५९ हजार. त्यावर रोड टॅक्स साडेबहात्तर हजार, इन्शुरन्स ४४ हजार, रजिस्ट्रेशन-फास्टॅग वगैरे तीन हजार, 'हँडलिंग' साडेसात हजार, अ‍ॅक्सेसरी पॅकेज पंधरा हजार. बेरीज आठ लाखांच्या वर. सव्वानऊशे किलोंच्या, तीन सिलिंडरच्या हॅचबॅकला आठ लाख मोजावेत का, एवढंच विचारायचं आहे. ज्यांनी घेतली आहे, चालवली आहे किंवा विचार करून सोडून दिली आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहा.

हिशेबनीस

आधी कोटेशन सोलून काढू, गाडीकडे मग वळू.

सरकारला जाणारे पैसे कुणालाच चुकत नाहीत. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स आहे, म्हणजे तुमचा साडेबहात्तरचा आकडा बरोबर. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हाच टॅक्स २० टक्के बसतो, त्यामुळे दुकानाच्या फर्मच्या नावावर घेऊन फायदा काढायचा कुणी सल्ला दिला तर आधी ही बेरीज करा.

इन्शुरन्समध्ये मात्र भरपूर हवा असते. नव्या गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) सक्तीचं आहे. १००० ते १५०० सीसीला त्याचा दर १०,६४० रुपये अधिक जीएसटी, आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच. उरलेला भाग, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान, झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत), हा घासाघीस करण्याचा. त्याच आयडीव्हीचं (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचं), त्याच अ‍ॅड-ऑनचं कोटेशन बाहेरून दोन ठिकाणचं काढा आणि शोरूमसमोर ठेवा. पॉलिसी त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर तुमच्याकडे आधीच दुसऱ्या पॉलिसीत असेल तर तेही पुन्हा घ्यावं लागत नाही.

हँडलिंगबद्दल एकच सांगतो. सरकारी पैशाची पावती निघते. ज्याची आरटीओची पावती नाही ते सरकारी नाही. सरळ काढायला सांगा. अ‍ॅक्सेसरीचं पॅकेज पूर्ण नाकारा. मॅट आणि सीट कव्हर बाजारात मनासारखी मिळतात.

एवढं केलंत की आठ लाखांचे पावणेआठच्या आत येतात. गाडीची किंमत हा आकडा धरून ठरवा.

घाटवाट

चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आधीच्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं इंजिन होतं, ९० पीएसचं. नव्या झेड-सीरिज इंजिनमध्ये तीन सिलिंडर आणि ८२ पीएस आहेत. कागदावर ताकद कमी झाली आणि त्या बदल्यात अ‍ॅव्हरेज वाढलं: मॅन्युअलला लिटरमागे २४.८०, एएमटीला (आपोआप गिअर बदलणाऱ्या मॉडेलला) २५.७५. हे चाचणीतले आकडे. शहरात एसी लावून १६-१८ आणि हायवेला ऐंशी-नव्वदने शांत चालवलीत तर २२ च्या पुढे धरा.

गावात आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ताकद कमी झाल्याचं जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी हलकी पळते, स्टीअरिंग हलकं, क्लच त्याहून हलका. वळणावर गाडी जशी हातात बसते तशी या किमतीत दुसरी नाही, हे माझं ठाम मत आहे. ज्याला गाडी चालवायला आवडते त्याला स्विफ्टचे पैसे इथेच वसूल होतात.

कुंभार्लीत मात्र पोफळीकडून वर चढताना चार माणसं, सामान आणि एसी असेल तर तिसरा गिअर पुरत नाही. दुसऱ्यात टाकून इंजिन तीन-साडेतीन हजार आरपीएमवर ठेवावं लागतं. टॉर्क (ओढण्याची ताकद) ११२ न्यूटन मीटर आहे, पण तो पूर्ण मिळतो ४३०० आरपीएमला. खाली रेंगाळलात की इंजिन धापा टाकतं. गाडी चढत नाही असं नाही, चालवणाऱ्याने जागं राहावं लागतं.

तेव्हा टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. सेल्समन सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतो, त्यात काही कळत नाही. घरची सगळी माणसं बसवा आणि जवळचा एखादा चढ मागा. एसी चालू ठेवून पहिल्या गिअरवर उठवून बघा.

पाना_पकड

माझं इचलकरंजीत गॅरेज आहे. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात, त्यामुळे कुणाची बाजू घेत नाही.

स्विफ्टच्या किमतीत एक गोष्ट दिसत नाही ती म्हणजे सुटे भाग. तालुक्याच्या ठिकाणी संध्याकाळी सहा वाजता ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, साइड मिरर हवा असेल तर या गाडीचा मिळतो. ओरिजिनल मिळतो, दुसऱ्या कंपनीचा मिळतो, जुनाही मिळतो. काही गाड्या एका साध्या सेन्सरपायी आठवडा-आठवडा उभ्या असतात. जुन्या बाजारात स्विफ्टला गिऱ्हाईक लगेच मिळतं त्याचं मुख्य कारण हेच आहे. घेणाऱ्याला माहीत असतं की ही गाडी कुठेही दुरुस्त होईल.

तीन सिलिंडरला घाबरायचं कारण नाही. न्यूट्रलला उभी असताना थोडी थरथर जाणवते, तो त्या रचनेचा स्वभाव आहे. पुढे चार-पाच वर्षांनी थरथर वाढली तर आधी इंजिन माउंटिंग बघून घ्यायचं, इंजिन खोलायला कुणाला देऊ नका.

आणि वरच्या मॉडेलच्या एलईडी दिव्यांबद्दल. जुन्या हॅलोजन दिव्याचा बल्ब काही शे रुपयांत बदलतो. एलईडी हेडलॅम्प हा अख्खा एक डबा असतो. मागे त्याला प्लास्टिकचे कान असतात, त्यांनी तो बंपरच्या वर बसतो. दुचाकीचा हलका धक्का लागून काच शाबूत राहते आणि आतला एक कान तुटतो. कान वेगळा मिळत नाही, पूर्ण लॅम्प घ्यावा लागतो. आम्ही प्लास्टिक वेल्डिंग करून भागवतो, पण दिव्याचा झोत मग नीट बसवायला वेळ लागतो. हे सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांना आहे. वरचं मॉडेल घेणाऱ्याने झीरो डेप निदान पाच वर्षं सोडू नये.

सह्याद्री७७

डिझेल स्विफ्टची सर कशालाच नाही. १.३ डीडीआयएस, ७५ पीएस, लिटरला वीस कुठे गेलेच नाहीत. बीएस-६ (प्रदूषणाचे कडक नियम) आलं आणि एप्रिल २०२० पासून ती बंद झाली. आता जे मिळतं ते हौसेचं आहे, पैशाच्या मानाने नाही.

अबोली

अजून कुणी सुरक्षिततेवर आलं नाही म्हणून लिहिते.

नव्या स्विफ्टमध्ये बेस मॉडेलपासून सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) आणि पाचही जागांना तीन बिंदूंचा पट्टा आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि कंपनीला याचं श्रेय द्यायला हवं. पण ग्लोबल एनकॅपच्या (धडक चाचणी घेऊन सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या संस्थेच्या) चाचणीत आधीच्या पिढीच्या स्विफ्टला २०१८ साली दोन तारे आणि २०२२ साली, नियम कडक झाल्यावर, एकच तारा मिळाला होता. २०२४ च्या डिझायरला पाच तारे मिळाले. आता काही सेल्समन डिझायरचे तारे स्विफ्टलाही लावून सांगतात. निकाल चाचणी झालेल्या मॉडेलचा असतो. सांगाडा बराचसा सारखा असला तरी तारे आपोआप इकडून तिकडे जात नाहीत.

टाटा पंचला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. ते जुन्या नियमांखाली होते, म्हणून २०२२ च्या एका ताऱ्याशी त्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही पंचचा सांगाडा त्या चाचणीत स्थिर ठरला, आणि स्विफ्टचा २०२२ मध्ये अस्थिर. माझ्या लेखी हा फरक पन्नास हजार रुपयांहून मोठा आहे.

वाडीकर

मारुतीचा पत्राच पातळ. बोटाने दाबला तर दबतो. बाकी चर्चा कशाला?

अबोली

@वाडीकर, बाहेरचा पत्रा बोटाने दाबून काहीच कळत नाही. धडकेचा मार झेलतो तो आतला सांगाडा: पुढचे दोन उभे रेल, दारातले आडवे बार, ए आणि बी पिलर (छत धरणारे पुढचे आणि मधले खांब). भारत एनकॅपच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका बाजूने अडथळ्यावर आपटतात आणि प्रवाशांची जागा किती शाबूत राहिली ते बघतात. बोनेट चुरगळणं अपेक्षितच असतं, कारण धडकेची शक्ती तिथे जिरायला हवी.

आणि कुठलीही गाडी घ्या, मागच्या सीटवरचे पट्टे लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ती गाडी महागातली जर्मन होती. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावले नव्हते आणि दोघेही गेले. आपल्याकडे आजी-आजोबांना मागे बसवतात आणि "त्यांना पट्टा टोचतो" म्हणून सोडून देतात. कृष्णाकाठ, तुमच्या आईंना पट्टा सहज लावता येतो का, बकल सीटमध्ये रुतून बसतं का, तेवढं टेस्ट ड्राइव्हला बघा. कळकळीची विनंती आहे.

निशिगंध

मी रत्नागिरीची, शाळेत शिकवते. याच धाग्याच्या आधाराने माझंही विचारून घेते. गाडी बहुतेक वेळा मी एकटीच चालवणार आहे, शनिवार-रविवारी कधी बहीण सोबत असते. आमच्या वाडीत रस्ता इतका अरुंद आहे की समोरून रिक्षा आली तर एकाला मागे जावं लागतं. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर. स्विफ्ट एएमटी घ्यावी का? मॅन्युअलपेक्षा पन्नास हजारांच्या आत फरक आहे. आणि एलएक्सआयवर भागेल का?

घाटवाट

@निशिगंध ताई, तुमच्यासाठी स्विफ्ट अगदी बरोबर आहे. लांबी ३८६० मिलिमीटर, वळायला ४.८ मीटरची त्रिज्या. वाडीतून मागे घेताना याचा रोज उपयोग होईल.

एएमटीबद्दल: आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच दाबायचं काम मोटर करते. म्हणून गिअर बदलताना क्षणभर गाडी थांबल्यासारखी वाटते. अ‍ॅक्सिलरेटर त्या क्षणी थोडा सैल सोडायची सवय लागली की झटका जातो. आंबा घाट चढताना डी मध्ये सोडून देऊ नका, मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्यावर ठेवा, नाहीतर ती वळणावर चुकीच्या वेळी गिअर बदलते. आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटर धरून गाडी तोलायची नाही, क्लच लवकर झिजतो. ब्रेक धरा, हिल होल्ड आहे.

एलएक्सआयमध्ये म्युझिक सिस्टीम नाही आणि एएमटी व्हीएक्सआयपासून पुढे मिळते, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथेच सुटला. कोकणातल्या पावसाचा विचार केला तर मागच्या काचेला वायपर हवा, तो मात्र त्याच्या वरच्या झेडएक्सआयला आहे. व्हीएक्सआय घेतलीत तर मागची काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्याला पर्याय नाही.

चाकणकर

सीएनजीचं कुणीच कसं बोललं नाही? ३२.८५ किलोमीटर किलोला. आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या सीएनजी आहेत.

हिशेबनीस

@चाकणकर, घ्या हिशेब. व्हीएक्सआय पेट्रोल ६.५९, व्हीएक्सआय सीएनजी ७.४५. फरक ८६ हजार. पण सीएनजीला महाराष्ट्रात रोड टॅक्स कमी आहे. १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढवूनही दहा लाखांच्या आत ८ टक्के. म्हणजे टॅक्स साडेएकोणसाठ हजार, पेट्रोलपेक्षा तेरा हजारांनी कमी. खरा फरक उरला ७३ हजार.

पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १७, तर किलोमीटरला सव्वासहाच्या आत. सीएनजी ९० रुपये आणि किलोला २५, तर ३ रुपये ६० पैसे. वाचले अडीच रुपये. ७३ हजार फिटायला साधारण २९ हजार किलोमीटर. रोज पन्नास किलोमीटर ये-जा करणाऱ्याला हे दोन वर्षांच्या आत वसूल होतं आणि त्याने बिनधास्त घ्यावी. कृष्णाकाठना अडीच ते तीन वर्षं लागतील. निशिगंध ताईंना जवळजवळ चार, शिवाय सीएनजीत एएमटी नाही.

आता पैशात न मोजता येणारं. स्विफ्टची डिकी आधीच २६५ लिटर. त्यात सिलिंडर बसला की पिशव्यांपुरती जागा उरते. गणपतीला चौघांचं सामान घेऊन चिपळूणला कसं जायचं? टाटा आणि ह्युंदाई दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवून डिकी बरीच वाचवतात. ताकदही ८२ वरून ७० पीएसवर येते, म्हणजे घाटात घाटवाटांनी लिहिलेलं सगळं आणखी वाढवून वाचा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी) असते.

चाकणकर

पटलं. माझं रनिंग महिन्याला दोन हजारच्या वर आहे आणि घरात दुसरी गाडी आहे, म्हणून मला डिकी कधी आठवली नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना घेऊन गेलो. जे दिसलं ते लिहितो.

चालवायला स्विफ्टने मन जिंकलं, यात वाद नाही. मुलगा आणि बायको मागे खूश होते. आईला मात्र बसताना त्रास झाला. तिचे गुडघे दुखतात. आधी पाठ आत न्यायची, मग खाली टेकायचं, मग पाय उचलून घ्यायचे, असं तीन टप्प्यांत ती बसते. स्विफ्टची सीट खाली आहे आणि मागच्या दाराची चौकट वरून उतरती, त्यामुळे पाठ आत नेताना डोकं खूप वाकवावं लागलं. पुढच्या सीटवर थोडं सोपं गेलं. उतरताना मला हात द्यावा लागला. पट्टा लावता आला, बकल वर होतं.

तिथूनच वॅगनआर बघायला गेलो. आई सरळ जाऊन बसली, जशी खुर्चीवर बसते तशी. मग पंच बघितली. तीही उंच, पण पायरीसारखं पाऊल टाकून आत जावं लागतं. ते तिला जमलं आणि दार जवळजवळ काटकोनात उघडतं याचा फार आधार झाला. नंतर उंची शोधली: स्विफ्ट १५२० मिलिमीटर, पंच १६१५, वॅगनआर १६७५. अंगाला जे कळलं ते आकड्यांत दिसलं.

आता प्रश्न बदलला आहे. स्विफ्ट पैशाच्या लायकीची आहे की नाही यापेक्षा, आमच्या घराला ती लागू पडते का, इथे येऊन थांबलोय.

पाना_पकड

वॅगनआर घ्या. १.२ लिटरची, चार सिलिंडर. ३४१ लिटर डिकी. मेंटेनन्स कमी. आईसाहेबांसाठी त्याहून सोयीची गाडी या पैशात नाही.

अबोली

सोय मान्य, पण वॅगनआरला २०२३ च्या ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी शून्य तारे होते. आता सहा एअरबॅग दिल्यात, ही सुधारणा आहे. सांगाडा तोच आहे. वर्षातून दोनदा घाट आणि दर महिन्याला पुण्याचा हायवे असताना मी आठवीतल्या मुलाला त्यात बसवणार नाही.

पाना_पकड

ताई, तुमचा मुद्दा खोडत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक म्हातारी माणसं गावातल्या गावात फिरतात, त्यांच्यावरून मी बोललो. यांचं हायवेचं रनिंग बघता पंच बघायला हरकत नाही. फक्त ती टनाच्या घरात जाते आणि इंजिन यापेक्षा फार मोठं नाही, तेव्हा घाटात दुसरा गिअर तिथेही लागणार. अ‍ॅव्हरेज लिटरला दोन-तीनने कमी धरा. सर्व्हिस सेंटर कराडमध्ये कसं आहे ते गिऱ्हाइकांना विचारा, सेल्समनला नको. सर्व्हिसच्या गेटवर सकाळी नऊला उभं राहिलं की गाडी सोडायला आलेली माणसं भेटतात, ती खरं सांगतात.

हिशेबनीस

कृष्णाकाठ, आता मूळ प्रश्नावर माझं मत देतो, कारण इतरही वाचत असतील.

किंमत वर्षावर वाटून बघा. पावणेआठ लाखांची व्हीएक्सआय दहा वर्षं ठेवली आणि शेवटी दोन लाख आले असं धरलं तर घसारा वर्षाला साडेसत्तावन्न हजार. पाच वर्षांत चार लाखांना विकली तर पंचाहत्तर हजार. इन्शुरन्स १८, सर्व्हिस-टायर सरासरी १०, आणि बारा हजार किलोमीटरचं पेट्रोल ७३ हजार. दहा वर्षं ठेवणाऱ्याला सगळं मिळून वर्षाला १ लाख ५९ हजार, म्हणजे किलोमीटरला सव्वातेरा रुपये. यात पेट्रोलचा वाटा घसाऱ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून अ‍ॅव्हरेजला कमी लेखू नका. आणि गाडी जितकी जास्त वर्षं ठेवाल तितकी ती स्वस्त पडते.

याच हिशेबात सगळ्यात वरची झेडएक्सआय प्लस मला पटत नाही. ती एक्स-शोरूम सव्वाआठच्या आसपास, ऑन-रोड साडेनऊ. इंजिन तेच, सहा एअरबॅग त्याच. जास्तीचे पावणेदोन लाख जातात मोठा स्क्रीन, अलॉय व्हील, दिवे, क्रूझ कंट्रोल यांत, आणि जुन्या बाजारात या गोष्टींना फार थोडे पैसे मिळतात. त्या पैशात नेक्सॉनचं ७.३२ लाखांचं सुरुवातीचं मॉडेल ऑन-रोड येऊन वर पैसे उरतात. तेव्हा व्हीएक्सआय पावणेआठला वाजवी, झेडएक्सआय हौस असेल तर ठीक, झेडएक्सआय प्लस महाग. माझ्या दृष्टीने हे उघड आहे.

कर्जाचंही बघा. सहा लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांना हप्ता १२,४५५ आणि व्याज १ लाख ४७ हजार. तेच सात वर्षांना हप्ता ९,६५३ होतो आणि व्याज २ लाख ११ हजार. शोरूममध्ये हप्ता किती कमी आहे तेच सांगतात. चौसष्ट हजार जास्तीचे जातात ते गाडीच्या किमतीतच मिळवा.

निशिगंध

मी व्हीएक्सआय एएमटी बुक केली. बहिणीच्या ओळखीतून बाहेरचं इन्शुरन्स कोटेशन काढलं, ते दाखवल्यावर शोरूमने त्यांचं जवळपास नऊ हजारांनी खाली आणलं. इंजिन प्रोटेक्ट ठेवलंय, आमच्याकडे जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी असतं. हँडलिंग काढलं. माझ्या वापराला ही गाडी पैशाच्या मोलाची आहे असं मनापासून वाटतं, आणि मला ती चालवायला आवडली, हेही कारण मी पुरेसं धरते.

कृष्णाकाठ

अभिनंदन ताई!

आमच्याकडे पंचवर एकमत होत आलंय. ३६६ लिटरची डिकी, १८७ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, आईचं बसणं, आणि अबोली ताईंनी लिहिलेलं. काल सगळ्यांना घेऊन आगाशिवच्या बाजूच्या चढावर पुन्हा चालवली. स्विफ्टएवढी चपळ नाही, हे पहिल्याच वळणावर कळतं आणि मला त्याची रुखरुख राहणार. बायकोने विचारलं की वर्षातले किती दिवस तू एकटा चालवणार आहेस. उत्तर नव्हतं. सर्व्हिसच्या गेटवर उद्या सकाळी जाणार आहे. तिथे समाधान झालं तर बुक करतो. गाडी डिसेंबरात मिळेल असं म्हणतात, त्यावर काही सांगायचं असेल तर सांगा.

पाना_पकड

डिसेंबरात घेणार असाल तर दोन गोष्टी. पासिंग जानेवारीत केलं तरी गाडी २०२५ चीच राहते. विकताना गिऱ्हाईक उत्पादनाचं वर्ष बघतं, म्हणून वर्षअखेरीची सूट चांगली असेल तरच घ्या, नाहीतर जानेवारीत बनलेली गाडी मागा आणि तसं बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या.

दुसरं, पासिंग व्हायच्या आधी यार्डात जाऊन तीच गाडी दिवसाउजेडी बघा. चॅसी नंबर लिहून घ्या आणि सेल सर्टिफिकेटवरचा नंबर, महिना, वर्ष ताडून बघा. पाचही टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२५ असेल तर २०२५ चा बत्तिसावा आठवडा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा फार वेगळ्या तारखेचा निघाला तर कारण विचारा. बॅटरीची तारीख, किलोमीटर, दारांच्या फटी, काचांवरचे शिक्के बघा. बोनेटच्या बोल्टवर पाना लागलेला असेल तर रंग उडालेला दिसतो. शंका आली तर दुसरी गाडी मागायची, भीड ठेवायची नाही. एकदा नंबर पडला की शोरूमवाला ऐकत नाही.